निनावे मास्तरांचं गाडीघर

निनावे मास्तरांचा उजवा पाय त्यांच्या ताब्यात नाही. ते कुठेही बसलेले असोत, समोरून काही वेगात येताना दिसलं की तो पाय आपोआप जमीन दाबतो. लग्नाच्या पंगतीत वाढपी वरणाची बादली घेऊन धावत आला, की दाबला. टीव्हीवर बोलर पळत निघाला, की दाबला. आमच्या ले-आउटमधले, म्हणजे वसाहतीतले, एक म्हातारे गृहस्थ वारले, तेव्हा मास्तर शववाहिनीत ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते. स्मशानघाट येईपर्यंत त्यांनी इतके ब्रेक मारले, की शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "काका, आरामात बसा ना. मांगच्याले आता काई होत नाई."

पायाला असं वळण लागायला कारण आहे. मास्तरांचं नागपुरातल्या महाल भागात मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. एक काळी अँबेसेडर, तिच्यात शिकवणाऱ्याच्या बाजूला बसवून घेतलेला दुसरा ब्रेक, आणि त्या ब्रेकवर मास्तरांचा पाय. अर्धं नागपूर त्या गाडीत गिअर बदलायला शिकलं. मीही त्यातलाच. मी शाळेत गणित शिकवणारा माणूस, पण पहिल्याच दिवशी भर चौकात गाडी बंद पडली, मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली आणि मला साधी बेरीजही आठवेना. मास्तर खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाले, "भेऊ नका, सर. ब्रेक माह्याकडे हाय."

हे वाक्य त्यांनी गाडीपुरतं ठेवलं नाही. कांदे महागले, नळाला पाणी आलं नाही, कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं, की मास्तर म्हणणार, ब्रेक माह्याकडे हाय. माझ्या बायकोचं ऑपरेशन होतं, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसून ते हेच म्हणाले. त्या वाक्याला तिथे काडीचा अर्थ नव्हता. तरी मला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

स्कूल बंद करून मास्तर आमच्या शेजारच्या प्लॉटवर राहायला आले. एका हिवाळ्यात सकाळी उठून बघतो तर त्यांच्या अंगणात जेसीबी उभी. दुपारपर्यंत काळी माती संपून मुरूम लागला आणि संध्याकाळपर्यंत ले-आउटमध्ये अफवा पसरल्या. कुणी म्हणे मेट्रोचं स्टेशन येतंय, कुणी म्हणे मास्तरांना भोसल्यांच्या काळातला हंडा स्वप्नात दिसला. मी कुंपणावरून वाकून विचारलं, तेव्हा खड्ड्याच्या तळातून मास्तरांचा आवाज आला, "गाडीले घर बांधून राहिलो, सर." त्याच आठवड्यात माझ्या कंपाउंडच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. मी तो दाखवला. त्यावर मास्तर काय म्हणाले, हे आता सांगायला नको.

जमिनीखाली गॅरेज बांधायचं हे खूळ आमच्या गावात कुणाच्या डोक्यात येणार नाही. इथे उन्हाळ्यात माणसांचीच सोय होत नाही, तिथे गाडीची कोण करतो? पण मास्तरांनी बांधलं, आणि बघत राहावं असं बांधलं. खाली उतरणारा ऐसपैस उतार, त्याच्या तोंडाशी शटर. खाली गुळगुळीत ग्रॅनाइटची फरशी. भिंतीवर प्रत्येक पान्याचं चित्र रंगवलेलं आणि त्या चित्रावर तो तो पाना टांगलेला. मधोमध लोखंडी चक्री. गाडी तिच्यावर उभी करायची, बटण दाबायचं, की चक्री गाडीसकट फिरते आणि गाडीचं तोंड उताराकडे होतं, म्हणजे रिव्हर्स घ्यायला नको. मला वाटतं पहिले दोन महिने मास्तरांनी ती चक्री गाडीपेक्षा माणसंच फिरवायला वापरली. मलाही दोनदा फिरवलं.

या गाडीघराच्या वर मास्तर आणि वहिनी स्वतः दोन खोल्यांत राहतात. स्वयंपाकघरावर पत्रे आहेत. मे महिन्यात तिथे पोळ्या तव्याशिवाय भाजतील. वहिनी एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "आमच्या घरात गाड्या मालक हायत वं. आमी भाड्यानं राहतो."

मास्तरांचा बेत मोठा होता. नागपुरातल्या गाड्यांच्या शौकिनांनी दर रविवारी इथे जमावं, बॉनेट उघडावं, चहा प्यावा, कार्ब्युरेटरवर बोलावं. त्यासाठी खुर्च्या आणल्या. पहिल्या रविवारी सात-आठ जण आले, तर्री-पोहे खाल्ले, चक्रीवर उभं राहून फोटो काढले. मग मास्तर म्हणाले, आता एकेकानं आपली गाडी उतारावरून वर घ्या, मी बाजूला बसतो. प्रत्येकाच्या शेजारी ते बसले, प्रत्येक वेळी त्यांनी ब्रेक मारला आणि प्रत्येकाला क्लच कसा सोडायचा ते सांगितलं. त्यातला एक गृहस्थ स्वतः गाड्यांच्या शर्यतीत भाग घेणारा होता. पुढच्या रविवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मास्तर खुर्च्या मांडून बसायचे, वहिनी पोहे भिजवायच्या आणि ते पोहे आम्ही तिघं खायचो.

खाली दोन गाड्या होत्या. काळी अँबेसेडर, आणि कोपऱ्यात पांढरी पद्मिनी. अँबेसेडरवर कुणीही हात ठेवावा, रेलावं, डबा ठेवावा. पांढरीला मात्र हात लावायची सोय नव्हती. तिच्यात मास्तर स्वतःही बसायचे नाहीत. रविवारी बाहेर उभं राहून, दारातून वाकून किल्ली फिरवायचे, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचे आणि बंद करायचे. मग तिला पॉलिश. "ते धनूची अमानत हाय," एवढंच म्हणायचे.

आणि तिच्याकडे तोंड करून कूलर होता. आपला नागपुरी, लोखंडी, वाळ्याच्या ताट्या लावलेला. वर वहिनी पत्र्याखाली घाम पुसत आहेत आणि खाली पांढऱ्या पद्मिनीला होळीपासून मृगापर्यंत कूलरची हवा. धूळ येऊ नये म्हणून शटर घट्ट बंद. कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवायची, हे नागपुरात रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. पण मास्तरांना धुळीची भीती. दुपारी ते मला खाली न्यायचे, गाडीचं दार अलगद उघडायचे आणि म्हणायचे, "गालिच्याले हात लावून पाहा, सर. कसा गार लागून राहिला." मी हात लावायचो. गालिचा गार लागायचा. आम्ही दोघं समाधानाने मान हलवायचो. एक गणिताचा मास्तर आणि एक गाडीचा मास्तर.

धनू म्हणजे धनराज, मास्तरांचा धाकटा भाऊ. त्याची हकिकत मला वहिनींनी सांगितली. आई-वडील लवकर गेले, धनूला मास्तरांनीच वाढवलं. महालातलं त्यांचं घर इतक्या अरुंद गल्लीत, की गाडी आत शिरायची नाही. ती गल्लीच्या तोंडाशी दिवसभर उन्हात. शाळेतून आला की धनू बादली घेऊन धावायचा आणि पोती भिजवून गाडीच्या टपावर टाकायचा. म्हणायचा, "दादा, आपुन एक दिवस गाडीले घर बांधू. थंडं." मोठा झाल्यावर तो मास्तरांच्याच स्कूलमध्ये शिकवायला लागला आणि त्याने स्वतःसाठी पांढरी पद्मिनी घेतली. त्याचा हात मास्तरांपेक्षा साफ होता, असं वहिनी म्हणतात. पण मास्तरांनी त्याला एकही शिकाऊ माणूस एकट्याला नेऊ दिला नाही. मागच्या सीटवर स्वतः बसायचे.

धनूचं लग्न झालं. नवे सासू-सासरे घेऊन तो पांढऱ्या गाडीतून काटोल रोडने निघाला होता, मास्तर शेजारी. समोरून ट्रक आला. धनूने गाडी व्यवस्थित बाजूला घेतली, पण त्याच्या आधी मास्तरांचा पाय दाबला गेला, हात स्टिअरिंगवर गेला आणि मागे वळून ते सासऱ्यांना म्हणाले, "भेऊ नका. ब्रेक माह्याकडे हाय." त्या गाडीत दुसरा ब्रेक नव्हताच. सासरे हसले आणि म्हणाले, जावईबापू अजून शिकूनच राहिले का? धनूने गाडी कडेला थांबवली. किल्ली काढली, मास्तरांच्या हातात दिली, सासू-सासऱ्यांना उतरवलं आणि बसने निघून गेला. पुढे कळमेश्वरला कारखान्यात नोकरी धरली. नागपूर ते कळमेश्वर अंतर ते काय, माणूस चहाला जाऊन येईल. पण धनराज पुन्हा आला नाही. त्याला मुलगी झाली, ती मोठी झाली, हे सगळं मास्तरांना दुसऱ्यांकडून कळत गेलं.

हे ऐकलं आणि त्या तळघराकडे बघायची माझी नजर बदलली. भिंतीच्या तड्याबद्दल मी पुन्हा बोललो नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मास्तर कुंपणाशी आले. चेहरा असा, की मला वाटलं कुणी गेलं. धनूच्या मुलीचा फोन आला होता. तिचं लग्न ठरलं होतं. ती म्हणाली, मोठे बाबा, माझी बिदाई पांढऱ्या गाडीतून करायची आहे आणि बाबा स्वतः चालवणार आहेत. बाबा हो म्हणाले. तुम्ही पुढे त्यांच्या बाजूला बसायचं. एवढं सांगून मास्तर कुंपणाला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "सर, मले मदत करा. ह्या पायाले शिकवा लागते."

त्या दिवसापासून आमची शिकवणी सुरू झाली. माझी गाडी, मी चालवायला, मास्तर शेजारी. फक्त या वेळी शिकाऊ ते होते. पहिल्या दिवशी ते उजवा गुडघा दोन्ही हातांनी कवटाळून बसले, तरी पहिल्याच वळणावर पाय सुटला. दुसऱ्या दिवशी दुपट्ट्याने दोन्ही पाय एकत्र बांधले, तर दोन्ही दाबले गेले. कुत्रं आडवं आलं की ते डोळे मिटायचे आणि ओठ आवळायचे. माझी बायको म्हणाली, या वयात कशाला छळता त्यांना? पण मास्तर ऐकेनात. म्हणायचे, धनूच्या बाजूनं बसलो आन् पाय हल्ला, तं तो आता पुन्हा उतरन. आम्ही महिनाभर ले-आउटला चकरा मारल्या. हळूहळू पाय वठणीवर आला. शेवटी परीक्षा म्हणून मी त्यांना भर बाजाराच्या वेळी इतवारीत नेलं. हातगाड्या, टेम्पो, कापडाचे गठ्ठे घेतलेले हमाल, सगळे अंगावर येत होते. मास्तर घामाने भिजले, पण पाय जागचा हलला नाही. परत येताना त्यांनी मला पोटभर जिलबी खाऊ घातली. मी त्यांना इतकं आनंदात त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

लग्नाच्या दोन दिवस आधी त्यांनी पांढरी गाडी चक्रीवर घेतली. म्हणजे मी घेतली. म्हणाले, धनूच्या सीटवर मले बसवत नाई, तुम्ही बसा, मी बाजूनं बसून एकदा पाहतो. इतक्या वर्षांनी त्या गाडीत माणूस बसत होता. मास्तर चपला बाहेर काढून बसले. चक्री फिरली, गाडीचं तोंड उताराकडे झालं. मी पहिला गिअर टाकला. जुनी गाडी, क्लच माझ्या सवयीचा नाही. गाडीने एक हिसका दिला आणि मास्तरांचा पाय दाबला गेला.

कर्र असा आवाज झाला. मी इंजिन बंद केलं. मास्तर खाली बघत होते. त्यांचा पाय गालिच्यासकट पोटरीपर्यंत गाडीच्या तळातून आरपार गेला होता.

"सर," ते म्हणाले, "मले खालची चक्री लागून राहिली."

आम्ही गालिचे उचलले. खाली पत्रा असा नव्हताच. लालसर चुरा होता, पापडासारखे पापुद्रे होते, बोट लावलं की गळत होते. बंद तळघर, दिवसरात्र कूलरची ओली हवा आणि वरून ती ओल धरून ठेवणारा जाड गालिचा. वरून पॉलिश इतकं चकचकीत, की त्यात माझा भांग दिसत होता. डेंटिंगवाल्याला बोलावलं. तो गाडीखाली झोपला, टॉर्च मारली, बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, हिच्यात नवरी बसवू नका.

मास्तर कूलरकडे बघत होते. म्हणाले, "त्याची पोती वाळून जायची ना, सर. म्हून मी कूलर लावला." मला तिथे थांबवेना. वर येऊन मी वहिनींना सांगितलं, तर त्या बिचाऱ्या पोळ्या लाटत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी धनराज गाडी न्यायला आला. डोक्याचे केस पांढरे, पोट सुटलेलं, चाल हुबेहूब मास्तरांसारखी. उतारावरून खाली आला आणि थबकला. ग्रॅनाइट पाहिलं, चक्री पाहिली, भिंतीवरच्या पान्यांवरून हात फिरवला. मला त्याच्या चेहऱ्यावर ते पोतं भिजवणारं पोर क्षणभर दिसलं. मग त्याने गाडीचं दार उघडलं आणि खालचा खड्डा पाहिला. मी पुढे होऊन समजावायला लागलो. त्याने हाताने मला थांबवलं.

तो सांभाळून ड्रायव्हरच्या सीटवर बसला. थोड्या वेळाने मास्तर दुसऱ्या बाजूने आत शिरले. पाय ठेवायला खाली जागाच नव्हती. त्यांनी दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसले, देवळात बसतात तसे. हात मांडीवर.

मग मास्तर समोर बघत म्हणाले, "धनू, ब्रेक तुह्याकडे हाय."

धनराजने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते. "आता काहून सांगून राहिला, दादा?" तो म्हणाला. "आता गाडी कुठी जाते?"

त्याने किल्ली काढली, खिशात टाकली आणि उतारावरून चालत वर निघून गेला. वहिनींनी केलेला चहा तसाच राहिला.

लग्नाला आम्ही गेलो. मुलगी भाड्याच्या गाडीतून, फुलांच्या माळांतून हात हलवत गेली. दोघं भाऊ एकमेकांशी बोलले, पण भाजी वाढायला सांगावी तितकंच. येताना मास्तरांनी मला विचारलं, "किल्ली त्यानंच नेली ना, सर? तुम्ही पाहिली ना?" मी म्हणालो, पाहिली. "मंग येईल," ते म्हणाले. किल्ली काढून खिशात टाकायची, ही कुठल्याही ड्रायव्हरच्या हाताची सवय असते. हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

धनराज अजून आलेला नाही. कूलर मास्तरांनी भंगारवाल्याला देऊन टाकला. गाडी चक्रीवरच आहे, तोंड उताराकडे. रोज संध्याकाळी मास्तर तिच्यात डाव्या सीटवर मांडी घालून बसतात. एकदा मी सोबत म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर बसायला गेलो, तर हळूच म्हणाले, "ते धनूची जागा हाय, सर. तुम्ही मांगं बसा." तेव्हापासून मी मागे बसतो. तिथला पत्राही भरवशाचा नाही, म्हणून मीही मांडी घालतो. समोर रिकामं स्टिअरिंग, त्यापुढे उतार, उताराच्या टोकाला उघडं शटर आणि रस्त्याचा तुकडा. वरून वहिनी जेवायला हाक मारतात. मास्तर म्हणतात, येऊन राहिलो वं, आणि उठत नाहीत.

रस्त्यावरून एखादा ट्रक भरधाव जातो. खाली भिंतीवरचे पाने खडखडतात, गाडी हादरते. मी दर वेळी मास्तरांच्या उजव्या पायाकडे बघतो. तो हलत नाही.